दर्याची खडीसाखर

"वहिनी, लवूभाऊंचा शेवटचा घाणा बॅरलमध्येच राहिला होता. मी काढून, धुऊन ठेवलाय," असं म्हणत लवूबरोबर काम करणाऱ्या माणिकने पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. मरोळच्या ह्या गाळ्यात वनमाला आयुष्यात दुसऱ्यांदा आली होती. पहिल्यांदा आली ती लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला, यंत्रांच्या पूजेला. तेव्हा सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा होत्या आणि लवूने लांबूनच तिला आपलं यंत्र दाखवलं होतं. आज माळा नव्हत्या. पितळेचा आणि तेलाचा वास मात्र तोच होता. तीस-पस्तीस वर्षं तो लवूच्या शर्टाला यायचा, आणि मार्चमध्ये लवू गेल्यावर तिने त्याचे दोन शर्ट न धुताच कपाटात ठेवले होते. लॉकर रिकामा करायला या, असे मालकांचे तीन निरोप येऊन गेले, तरी तिचे पाय उचलले नव्हते. आजही ती आली होती ती लॉकरसाठी नव्हे, काचांसाठी. दिवाळी तोंडावर आली होती, यंदाचा कंदील अर्धा झाला होता आणि घरातल्या नव्या काचा संपल्या होत्या. दर रविवारी लवू समुद्रावरून ज्या काचा आणायचा त्यांतल्या थोड्या त्याने कामावर तर ठेवल्या नसतील, असं तिला परवा भाजी निवडताना अचानक वाटलं. तिने डबा उघडला. हिरव्या, तपकिरी, पांढऱ्या काचा, कडा बोथट झालेल्या, अंगावर धुकट साय धरलेल्या. "अगं बाई, ह्याच हव्या होत्या मला," ती म्हणाली. "समुद्रावरून आणून इथं ठेवायचे होय!" माणिक हसला. "समुद्रावरून कुठल्या, वहिनी? इथंच तर करायचे."

त्यात त्याचा काही दोष नव्हता. तो बिचारा कौतुकाने सांगत होता. कोपऱ्यातलं आडवं लोखंडी पिंप त्याने तिला दाखवलं. कापलेल्या पितळी कड्यांच्या धारा मोडायला त्यात खडे आणि पाणी घालून ते तासन्‌तास फिरवायचं, त्यालाच बॅरल म्हणत. "रविवारी गाळा बंद असतो ना, चावी लवूभाऊंकडे. सकाळी सातला यायचे. बाटल्या फोडायच्या, बॅरल लावायचं आणि ह्या स्टुलावर बसून राहायचं. पेपर नाय, मोबाईल नाय, नुसतं बसायचं. मी ओव्हरटाइमला आलेलो तेव्हा बघितलंय ना. चार-पाच रविवार लागायचे एका घाण्याला. आणि शेवटी खडेमिठाच्या पाण्यात टाकून ठेवायचे. मी विचारलं, लवूभाऊ, हे मीठ कशाला? तर बोलले, बायको चाखून बघते." माणिक पुन्हा हसला. "मी बोललो, एवढा कुटाणा करता, त्यापेक्षा मढला जाऊन उचला ना, फुकटात. तर बोलले, एकदा गेलेलो. बसमधून उतरलोच नाय. त्याच बसने परत आलो." बोलता बोलता त्याचं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं आणि हसू तिथंच राहिलं. "वहिनी, पाणी देऊ का?" वनमालाने नको म्हणून मान हलवली. मग त्यानेच लॉकर उघडून दिला. एक पंचा, जुना चष्मा, आणि पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेली वाळू. ही कशाला, असं तिने विचारलं नाही. तरी माणिकने खालच्या आवाजात सांगून टाकलं, की समोर इमारतीचं काम चालायचं, तिथली ती वाळू, घरी निघताना लवूभाऊ चिमूट-चिमूट पँटच्या घडीत घालायचे.

परतताना मेट्रोत तिला बसायला जागा मिळाली. डबा मांडीवर होता. गाडी वळली की आतल्या काचा एका अंगाला जायच्या आणि खळ्ळ आवाज व्हायचा, शेजारची मुलगी दोनदा बघून गेली. बाहेर इमारतींच्या पाठी, गच्च्यांवरच्या टाक्या, एसीचे खोके, वाळत घातलेल्या चादरी. वनमालाला वाटलं, आपल्याला रडू येईल. रडू आलं नाही. जिभेला चव आली, खारट. आचऱ्याजवळच्या तिच्या गावात पोरं ह्या काचांना दर्याची खडीसाखर म्हणायची. कुणाची तरी फुटकी बाटली दर्या वर्षानुवर्षं तोंडात घोळवतो आणि तिची धार मेली की किनाऱ्यावर थुंकतो, असं तिचे वडील सांगत. सापडली की आधी जिभेवर ठेवायची, खारट लागली तर खरी. ती खोड तिला मुंबईतही सुटली नव्हती. रविवारी दुपारी एकच्या सुमाराला लवू यायचा, दारातच पँटच्या घड्या सोडायचा, वाळू सांडायची. ती वाळू ती सुपलीत भरून गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत घालायची, दर्याची वाळू केरात कशी टाकणार? मग तो पिशवी पुढे करायचा. ती एकेक काच जिभेवर ठेवून डोळे मिटायची. "ही खंयची? थांबा, सांगू नकात. ही गोरायची." लवू म्हणायचा, "व्हय." "आणि ही मढची. मढच्या पाण्याक तेल जास्त." "व्हय तर, मढचीच." एकदा तर तिने एका निळसर काचेवरून मारवेची खाडी ओळखून दाखवली होती आणि वर ऐकवलं होतं, "दर्यावर वाढलंय मी. दर्याचा माका कोण शिकवतलो?" लवूने तेव्हाही मान डोलावली होती. चौदा वर्षं! चौदा वर्षं त्या माणसाने ताकास तूर लागू दिली नाही, आणि ही दर्यावर वाढलेली शहाणी मरोळच्या नळाचं पाणी आणि घरातलंच मीठ चाखून किनाऱ्यांची नावं सांगत बसली. घरातलं खडेमीठ एवढं कसं संपतं, म्हणून ती वाण्याशी भांडलीही होती.

पण हसं झालं ह्याचं तिला फारसं काही नव्हतं. म्हातारपणी माणसाचं हसं व्हायचंच. तिला खुपत होती ती दुसरीच गोष्ट, आणि ती गोष्ट मनात पुढे आली की ती तिला मागे ढकलत होती. कांदिवलीच्या अलीकडे ती ढकलवेना. काचा आणायला ती लवूला समुद्रावर पाठवत नव्हती. काचा हा वरचा नफा होता. ती त्याला पाठवत होती सुयोगला, त्यांच्या मुलाला, शोधायला.

चौदा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधला शनिवार होता. सुयोग एकोणीस वर्षांचा, कॉलेजातल्या चौघांबरोबर मढच्या बाजूला गेला होता. जाताना डबा नको म्हणाला, तिने तरी दोन पोळ्या गुंडाळून दिल्या, त्यावरून दारात थोडी बाचाबाची झाली आणि तेच त्यांचं शेवटचं बोलणं. संध्याकाळी त्या चौघांतला सौरभ एकटा आला. अंग भिजलेलं, हातात सुयोगची बॅग. तो नुसताच बॅग पुढे करत होता. पोळ्या तशाच होत्या. बॅगेच्या बाजूच्या खिशात अंगठ्याच्या नखाएवढी एक काच होती, निळी म्हणावी की हिरवी अशी. "तुमच्यासाठी उचलली होती त्याने, काकू," सौरभ म्हणाला. "बोलला, आईला दाखवायचीय. ही खरी खडीसाखर." पोलीस झाले, कोळ्यांच्या होड्या झाल्या. लवू तीन दिवस, तीन रात्री किनाऱ्यावर उभा होता. दर्याने काही दिलं नाही. चौथ्या दिवशी तो घरी आला तेव्हा त्याचे पाय पांढरे पडले होते, सुरकुतले होते, आणि त्याने बादलीतल्या पाण्यात पाय बुडवायलाही नकार दिला. हे आज तिला आठवलं. तेव्हा तिने ते बघितलं होतं, पण मनात घेतलं नव्हतं. पुढच्या रविवारी ती त्याला म्हणाली, "तुम्ही जावा. बघून येवा." तो गेला, दुपारी परत आला. ती दारातच म्हणाली, "रिकाम्या हाती इलात?" एवढंच. मग ती जेवली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तेच, त्याच्याही पुढच्या रविवारी तेच. दीड-एक महिन्याने तो एकदा दारात उभा राहिला, घडीतून वाळू सांडली आणि त्याने खिशातून मूठ काढून तिच्यापुढे उघडली. पाच-सहा काचा होत्या. "एवढ्योच होत्यो, किनाऱ्यार," तो म्हणाला. तिने एक जिभेवर ठेवली. त्या दिवशी ती कित्येक आठवड्यांनी पोटभर जेवली, आमटीभात दोनदा घेतला. लवू ताटासमोर बसून ते बघत होता. त्याला आणखी काय सांगायला हवं होतं?

नातेवाइकांनी तेव्हा फार जीव खाल्ला. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तसं करून मोकळे व्हा, असं गावाहून दीर निरोप पाठवत होते. भटजीही तयार होते. वनमालाने पुतळा करू दिला नाही. त्या वर्षी दिवाळीला शेजारची प्रेमा, नवीन लग्न होऊन आलेली पोर, झाकलेलं ताट घेऊन दारात आली. ज्या घरात त्या वर्षात माणूस गेलेलं असतं तिथं फराळ करत नाहीत, कंदील लावत नाहीत, शेजारपाजारचे नेऊन देतात, ही रीत तिला सासूने शिकवून पाठवली होती. वनमालाने ताटाला हातही लावला नाही. "माझ्या घरातलं कोणी गेलेलं नाही," ती म्हणाली. "ताट परत ने." प्रेमा रडतच गेली. आणि त्याच संध्याकाळी वनमालाने बांबूच्या कामट्या घेऊन कंदील बांधला. मासा केला. काचेला भोक पाडायचं नाही, पाडलं की तडकते, म्हणून लवूने आणलेल्या केसासारख्या तांब्याच्या तारेने एकेक काच गुंडाळून, माशाला खवले असावेत तशा त्या ओवल्या, पोटात दिवा सोडला आणि डोळ्याच्या जागी सुयोगची काच बसवली. गोराईच्या म्हाडा वसाहतीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत मासा पेटला तेव्हा खाली माणसं थांबून बघायला लागली. सगळ्यांना कळलं की ह्या घरात सुतक नाही. पुढल्या वर्षी होडी, मग शंख, कासव, खेकडा, गलबत. दर वर्षी जुना कंदील उसवायचा, सुयोगची काच काढून घ्यायची आणि नव्याच्या मध्यावर लावायची. लोक फोटो काढत, कुणी विकत मागत, धाकट्या मुलीच्या, रुचिराच्या सासरी मुलुंडला तिने काचांचं आणि शिंपल्यांचं तोरण करून दिलं तर ते बघायला अख्खा मजला लोटला. पण हौस म्हणून तिने एकही कंदील केला नव्हता. सुयोग परतला तर त्याला खिडकी ओळखता यावी म्हणून करत होती. आणि भाऊबीजेला रिकामा पाट मांडून रुचिराला त्याला ओवाळायला लावत होती. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. तुला भाऊ आहे, तू पाटाला ओवाळायचं.

घरी पोचून तिने डबा टेबलावर ठेवला तर यंदाचा अर्धा कंदील समोरच होता. दीपस्तंभ. खालचा अर्धा भाग काचांनी भरलेला, वरच्या नुसत्या कामट्या. हात धुवायच्या आधीच फोन वाजला. रुचिरा होती. "आई, तू कंदील करतेयस असं प्रेमाताई म्हणाली. खरं आहे?" वनमालाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "अगं, बाबांना जाऊन सात महिने झालेत. लोकांचं सोड, मलाच कसंतरी होतंय." वनमाला म्हणाली, "तो बाबांचा नाही. तुझ्या दादाचा आहे." पलीकडे रुचिराने मोठा श्वास घेतला, मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बाबांचं तरी नीट होऊ दे ना गं. दादाचं तू होऊ दिलं नाहीस. मी चौदा वर्षांची होते, मला रडायलापण दिलं नाहीस, रडले की म्हणायचीस, अपशकून करतेस. आता मी यंदा पाटाला ओवाळणार नाही. सांगून ठेवते." फोन ठेवला गेला. एरवी वनमालाने उलट फोन करून दहा गोष्टी ऐकवल्या असत्या. आज ती गॅलरीत गेली आणि तुळशीच्या कुंडीसमोर उभी राहिली. कुंडी काठोकाठ भरलेली, वरून बारीक राखाडी वाळू. चौदा वर्षं ती ह्या कुंडीला दिवा लावत होती, आणि अधूनमधून तुळस जळायची तेव्हा म्हणायची, खाऱ्या वाळूचा गुण. बांधकामाच्या वाळूत कुठला आलाय खारटपणा? तुळस जळत होती ती फार पाणी घातल्याने.

राग आला तो तिथे, कुंडीपाशी. असा आला की तिने कठडा धरला. कुणीच शोधत नव्हतं! पोर पाण्यात गेलं, आणि दर रविवारी बाप किनाऱ्यावरून चालत नव्हता, खडकांच्या फटी बघत नव्हता, कोळ्यांना विचारत नव्हता. स्टुलावर बसून पिंप फिरताना बघत होता. समजा एखाद्या रविवारी काही लागलं असतं किनाऱ्याला? एखादी चप्पल, कमरेचा पट्टा, काहीही? ते उचलायला तिथं कोणी नव्हतं. ती इथं निवांत भात रटरटवत बसायची ह्या भरवशावर की शोध चालू आहे. घरातल्या माणसानेच वाट अडवली होती तर दार उघडं ठेवून काय उपयोग? "का असं केलंत?" ती मोठ्याने म्हणाली. खालच्या मजल्यावर कुणीतरी चटणी वाटत होतं, मिक्सरचा आवाज येत होता. तिला एकाएकी बॅरलचा आवाज कसा असेल असं वाटलं. तो ऐकत लवू काय विचार करत असेल, सात ते बारा, पाच तास, दर रविवारी?

मग ती आत आली आणि तिने एक काम केलं जे चौदा वर्षांत केलं नव्हतं. कुंकवाच्या डबीतून सुयोगची काच काढली आणि डब्यातल्या काचांशेजारी उन्हात धरली. खिडकीतून चार वाजताचं ऊन येत होतं. सुयोगच्या काचेवर बारीक बारीक खुणा होत्या, कुणी लहान मुलाने ओल्या मातीवर नखं उमटवावीत तशा अर्धगोल, शेकड्याने. दगडावर आपटून आपटून दर्या त्या करतो, हे तिला सात वर्षांची असताना माहीत होतं. बॅरलच्या काचांवर त्या नव्हत्या. त्या नुसत्याच गुळगुळीत होत्या. कंदिलातल्या काचा बघितल्या, मागच्या वर्षीच्या उसवून ठेवलेल्या बघितल्या. एकीवरही नाही. हे दिसायला भिंग लागत नव्हतं. दर वर्षी हजारभर काचा तिच्या बोटांखालून जात होत्या आणि त्यांच्यामध्ये ही एक, तिची तीच बोटं दोन्हींना लागत होती. बोटांना तर कळलं असणार. मग मला माहीत होतं का? वनमाला खुर्चीत बसली. हा प्रश्न लवूवरच्या रागापेक्षा वाईट होता. तिने एकदाही त्याला म्हटलं नव्हतं की चला, ह्या रविवारी मीही येते. घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर गोराईची जेट्टी, पलीकडे लाँचने गेलं की समुद्र. गुडघे दुखतात म्हणायची. तेव्हा कुठे दुखत होते गुडघे? चव्वेचाळीसची होती ती. शोध चालू राहायला हवा होता आणि तो तिला स्वतःला करायचा नव्हता. लवू घडीत वाळू घालून खोटं बोलत होता हे खरं, पण ती वाळू दारात पडली की तिने कधी विचारलं नाही की पँट एकदाही ओली कशी नसते. दोघं मिळून ते पिंप फिरवत होते. पोराची धार मोडत होते.

तरी रात्री तिला वाटलं, नाही, कुणीतरी जायला हवं. सकाळी आठला ती निघाली. वसुबारस होती, जिन्यापाशी कोणी गायवासराची रांगोळी काढत होतं. मालाड स्टेशनबाहेर मढची बस उभी होती. तिने खिडकीची जागा घेतली, सुयोगची काच रुमालात बांधून ब्लाउजमध्ये ठेवली होती. मारवेपर्यंत ठीक होतं. दुकानं, शाळा, नारळपाण्याच्या गाड्या. मग हवा बदलली. आधी बोंबलांचा वास आला, वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा गेल्या, आणि पुढे दोन घरांच्या फटीतून तो दिसला. काही विशेष नव्हता. राखाडी, सपाट, भरतीही नाही की ओहोटीही नाही, त्यावर थोडं ऊन. फट बंद झाली, पुन्हा उघडली, बंद झाली. वनमालाच्या पायाची बोटं चपलेत आखडली, तिने पुढच्या सीटचा दांडा धरला. बस थांबली, माणसं उतरली. कंडक्टर पैशांची बॅग सावरत तिच्याजवळ आला. "आजी, लास्ट स्टॉप. उतरा." ती उठली. म्हणजे उठायचं तिने मनात आणलं. "परत कधी सुटते ही?" तिने विचारलं. "पंधरा मिनिटं. चहा पिऊन येतो." "मग मी बसून राहू?" त्याने तिच्याकडे नीट बघितलं. असे येणारे त्याने पाहिले असतील किंवा नसतील. "बसा," तो म्हणाला. "ह्या साइडला या, तिथं ऊन येईल."

रिकाम्या बसमध्ये ती बसून राहिली. बाहेर लाटांचा आवाज होता, लांब, एकसारखा, यंत्र चालू ठेवून कुणी निघून जावं तसा. तीन दिवस, तीन रात्री लवू हा आवाज ऐकत उभा होता. तिने एक तासही ऐकला नव्हता. तिने रुमाल सोडला. ही एकच काच तिने कधी जिभेवर ठेवली नव्हती. तिच्यावर त्या शनिवारचं पाणी होतं, सुयोगच्या हाताला लागलेलं, आणि चाखलं तर ते संपेल ह्या भीतीने चौदा वर्षं ती तशीच ठेवली होती. दर दिवाळीला काढायची, लावायची, काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची, ओल्या नाही. आता तिने ती जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. वाट बघितली. चव आली नाही. थोडी कुंकवाची माती लागली, बाकी काही नाही. चहाच्या चमच्याला असते तेवढीही चव नव्हती. गार काच होती, ती हळूहळू तोंडात कोमट झाली. कधीच संपलं होतं सगळं. पहिल्याच वर्षी संपलं असेल, हाताळण्यात, कंदिलातल्या दिव्याच्या धगीत. तिने मीठ जपलं नव्हतं, काच जपली होती. सुयोग नव्हता. हे वाक्य तिच्या मनात आलं तेव्हा ते कुणी ओरडलं नाही की तिने कान झाकले नाहीत. ते आलं आणि शेजारच्या सीटवर बसलं. कंडक्टर आला, घंटी वाजली. "परतीचं काढता ना, आजी?" तिने पैसे दिले आणि तिकीट हातात धरून ठेवलं. बस वळताना ती मनातल्या मनात म्हणाली, अहो, माझ्याच्यानेही उतरवलं नाही. आणि मग तिला रडू आलं, ते मालाड येईपर्यंत आलं. कुणी काही विचारलं नाही. मुंबईचा हा एक गुण आहे.

घरी येऊन तिने दीपस्तंभाच्या तारा सोडवल्या नाहीत. अर्धाच होता तो तसा उचलून जुन्या चादरीत बांधला आणि माळ्यावर टाकला, त्याच्या शेजारी मरोळचा डबा. सुयोगची काच आधी कुंकवाच्या डबीत ठेवायला निघाली, मग थांबली आणि लवूच्या न धुतलेल्या शर्टाच्या खिशात ठेवली. गावी दिराला फोन लावला. फार वेळ बोलली नाही. दर्भाचा पुतळा करतात म्हणालेलात, त्याला काय काय लागतं आणि कधी करतात, एवढं भटजींना विचारून ठेवा, असं सांगितलं. "इचारतंय, वहिनी," दीर पलीकडून म्हणाला.

लक्ष्मीपूजनाला रुचिरा सकाळीच मुलुंडहून आली. भांडणाच्या तयारीने आली होती, ते तिच्या चप्पल काढण्यावरूनच कळलं. आत येऊन तिने आधी खिडकीकडे बघितलं. खिडकीत काही नव्हतं. मग टेबलाकडे, मग माळ्याकडे बघितलं. दोघींनी वरणभात केला, जेवल्या, दुपारी आडव्या झाल्या. संध्याकाळ झाली तसे समोरच्या इमारतीत कंदील लागत गेले, कागदी, प्लॅस्टिकचे, एका घरात नुसत्याच निळ्या दिव्यांची माळ. खालून जाणारी दोन-तीन माणसं सवयीने वर बघून थांबली. खिडकी काळी होती. थोडं थांबून ती पुढे गेली. वनमालाने ते पडद्याआडून पाहिलं आणि तिला धावत जाऊन माळ्यावरचं गाठोडं काढावं असं वाटलं, आत्ता, अजून दहा मिनिटांत लावता येईल, अर्धा तर अर्धा. जर तो कुठे असलाच आणि आज आलाच तर? तिने खुर्चीचे हात धरले आणि बसून राहिली.

दार वाजलं. प्रेमा होती. आता तिचेही केस पिकायला लागले होते. हातात झाकलेला डबा होता, पण तो तिने अंगाशी धरला होता, पुढे केला नव्हता. तिचीही नजर वनमालाच्या खांद्यावरून आधी खिडकीकडे गेली. "काकू, रागावू नका," ती म्हणाली. "थोडं फराळाचं आणलंय. काकांचं पहिलं वर्ष ना, म्हणून." आत स्वयंपाकघरात रुचिरा नळाखाली भांडी घासत होती.

वनमालाने दोन्ही हातांनी डबा घेतला. डबा अजून कोमट होता. "दोघांचं गं," ती म्हणाली. "सुयोगचंही हे पहिलंच वर्ष."

आत नळ बंद झाला.